झोटेरो : बडोद्यात चौघांनी मिळून वापरताना

गेली अडीच वर्षं आम्ही चौघं झोटेरो या एकाच सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आहोत. मी इथे बडोद्यात राज्यशास्त्र शिकवते. माझ्याकडे दोघं पीएच.डी. करताहेत, एक छोटा उदेपूरकडचा मुलगा आणि एक रावपुऱ्यातली मुलगी. चौथी मुलगी एम.ए. करत असताना आमच्यात आली, कारण तिला मोडी वाचता येते आणि आम्हा तिघांनाही येत नव्हती. विषय एकच, बडोद्याचा नगरकारभार. संस्थानकाळात तो कसा चालायचा, आणि आज महानगरपालिकेत निवडून आलेल्या बायका रोज प्रत्यक्षात काय काम करतात. म्हणजे एकीकडे दफ्तर भंडारातले कागद, दुसरीकडे मुलाखती आणि तिसरीकडे जगभरची नियतकालिकं. एवढा पसारा चार माणसांनी चार ठिकाणी ठेवला की काय होतं ते मी पुरेपूर पाहिलंय. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. विद्यार्थ्यांनी वाचावा, आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी तर जरूर वाचावा.

झोटेरो म्हणजे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रातून ते 2006 मध्ये निघालं. नाव अल्बेनियन भाषेतल्या क्रियापदावरून घेतलंय, अर्थ एखाद्या विषयावर हुकूमत मिळवणे. आज ते नफा न कमावणारी संस्था चालवते, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि वापरायला पैसे पडत नाहीत. ब्राउझरमध्ये त्याचं एक बटण बसतं. एखाद्या लेखाचं पान उघडून ते दाबलं की लेखक, वर्ष, खंड, पृष्ठं आणि मिळत असेल तर पीडीएफसुद्धा आपल्या संग्रहात येऊन पडते. लिहिताना वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये हवा तिथे संदर्भ घालायचा, शेवटची यादी आपोआप तयार होते. एका नियतकालिकानं नकार दिला आणि दुसऱ्याची पद्धत वेगळी असली तर एका निवडीत सगळी यादी बदलते. ज्यांनी शंभर संदर्भांचे स्वल्पविराम हातानं बदललेत त्यांना याची किंमत सांगायला नको.

इथपर्यंतचं कौतुक कुठेही वाचायला मिळेल. मला लिहायचंय ते त्यातल्या ग्रुप लायब्ररीबद्दल.

ग्रुप लायब्ररी म्हणजे सामाईक कपाट. एकानं ग्रुप काढायचा, बाकीच्यांना बोलवायचं, मग त्यात घातलेली प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या संगणकावर दिसते. ग्रुप पूर्ण खाजगी ठेवता येतो आणि किती माणसं घ्यावीत याला बंधन नाही. 2022 मध्ये झोटेरोच्या सहाव्या आवृत्तीत पीडीएफ तिथल्या तिथे उघडून वाचायची सोय आली. रंगानं ओळ अधोरेखित करता येते, शेजारी टिपण लिहिता येतं. आणि ग्रुपमध्ये असं केलं की त्या रेघेवर, त्या टिपणावर करणाऱ्याचं नाव राहतं. माझ्या दृष्टीनं या अवजाराचं सगळं मोल या एका गोष्टीत आहे. का, ते सांगते.

आमचा छोटा उदेपूरचा विद्यार्थी वर्गात बोलत नाही. चर्चासत्रात मागे बसतो, विचारलं तर "हो मॅडम" एवढंच. मी त्याला हुशार पण अबोल असं समजून चालले होते. मुलाखतींची पहिली फेरी संपली तेव्हा मी आरक्षित जागांवर निवडून आलेल्या बायकांविषयीचा एक जुना लेख ग्रुपमध्ये घातला. कारभार खरा नवऱ्याच्याच हातात असतो, अशा अर्थाच्या एका वाक्याखाली मी पिवळी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, "आपल्याकडेही हेच दिसतं." दोन दिवसांनी त्याच ओळीशी त्याचं गुजराती टिपण आलं. मराठीत सांगायचं तर असं: "मॅडम, आपण विचारलं होतं की तुमचे पती कामात मदत करतात का. याला कोणती बाई नाही म्हणेल? नाही म्हटलं तर घरात भांडण आहे असा अर्थ निघेल. उत्तर आपल्याच प्रश्नातून आलंय. न-04 आणि न-09 या मुलाखती परत ऐका. दोघींनी बोलता बोलता दोनदा फोन घेतला, झोन ऑफिसशी त्या स्वतः बोलल्या."

मी ध्वनिमुद्रण परत ऐकलं. फोन वाजतो, बाई "एक मिनिट हं" म्हणतात आणि तुंबलेल्या गटाराबद्दल कोणाला तरी ठणकावून सांगतात. टंकलेखन करताना आम्ही तो भाग "व्यत्यय" असं लिहून गाळला होता.

पुढच्या फेरीसाठी प्रश्न बदलला. मदतीबद्दल विचारणं सोडलं आणि असं विचारलं: काल सकाळपासून तुम्हाला कोणाकोणाचे फोन आले, कोणी उचलले, तुम्ही कोणाला केलेत? चित्रच पालटलं. पाणी, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे यांचे फोन बऱ्याच जणींकडे थेट येतात आणि त्या स्वतः त्यांचा पाठपुरावा करतात. पक्षाच्या बैठकीचे, तिकिटाच्या गोष्टींचे फोन मात्र घरातल्या पुरुषाला येतात. बायका राज्य करतात की नवरे, या प्रश्नात आम्ही अडकलो होतो. कारभार आणि राजकारण यांच्यामध्ये घरातल्या घरात एक भिंत आहे, हे या मुलानं समासातल्या चार ओळींतून दाखवून दिलं.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे हा प्रश्न किती महत्त्वाचा ते कळेल. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली, तिनं शहरांच्या स्थानिक संस्थांमध्ये बायकांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या. गुजरातेत पुढे राज्याच्या कायद्यानं त्या निम्म्या झाल्या. बडोदा महानगरपालिकेच्या 2021 च्या निवडणुकीत 19 प्रभाग होते आणि 76 जागा, प्रत्येक प्रभागात चार, त्यातल्या दोन बायकांच्या. एवढ्या बायका सभागृहात बसतात आणि आपण अभ्यासक त्यांना विचारतो काय, तर नवरा मदत करतो का. मला याची लाज वाटली. अजूनही वाटते.

आता नावाचा प्रश्न. लेख तयार झाला तेव्हा त्यातली मुख्य कल्पना कोणाची यावर चर्चा करायची गरजच पडली नाही. टिपण तिथे होतं, त्यावर नाव होतं. पहिलं नाव त्याचं गेलं, मग रावपुऱ्यातल्या मुलीचं, मोडीवालीचं, शेवटी माझं. विद्यापीठाबाहेरच्या वाचकांना यात विशेष वाटणार नाही, पण आमच्याकडे या क्रमाला पैशाची आणि नोकरीची किंमत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे लेख दोघांचा असेल तर प्रत्येकाला 70 टक्के गुण धरले जातात. दोनांहून जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के. तेव्हा पहिलं नाव कोणाचं, हा सौजन्याचा प्रश्न राहत नाही. नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरासाठी तो पोटाचा प्रश्न असतो. मार्गदर्शकाचं नाव आधी घालायची पद्धत कित्येक ठिकाणी अजून चालू आहे आणि विद्यार्थी तोंड उघडत नाहीत, कारण प्रबंधावर सही त्याच हातानं व्हायची असते.

मीही उघडलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी, मी संशोधन करत होते. चारेकशे कार्डं लिहिली होती, जाड कागदाची, कोपऱ्यात विषय, खाली मजकूर, मागे पान नंबर. पंचायतीच्या निवडणुकांवर हिंडून गोळा केलेलं सगळं त्यात होतं. ती पेटी "बघायला" म्हणून मागितली गेली आणि वर्षभरानं एका परिसंवादाच्या पुस्तकात माझी गावं, माझे आकडे, माझी उदाहरणं छापून आली. आभारात माझं नाव होतं, आडनाव चुकलेलं. त्या कार्डांवर माझी सही नव्हती, तारीख नव्हती. अक्षर माझं होतं, पण छापल्यावर अक्षर कोण बघतो? आई म्हणाली होती, "अगं, प्रत्येक कार्डावर नाव घालायचं होतंस." तेव्हा मला ते बाळबोध वाटलं. झोटेरोच्या समासात प्रत्येक रेघेवर नाव बघितलं तेव्हा मला आईची आठवण आली.

मिळून काम करण्याची परंपरा आपल्या शहराला नवीन नाही. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी दिल्लीला जाऊन 1963 मध्ये संशोधन केंद्र काढायच्या आधी इथे बडोद्यातच शिकवत होते. गुजरातमधल्या क्षत्रियांच्या जातिसंघावरचा त्यांचा 1965 चा गाजलेला लेख दोघांच्या नावावर आहे, रजनी कोठारी आणि ऋषिकेश मारू. भारतीय राजकारणात जात कशी वापरली जाते आणि वापरता वापरता स्वतः कशी बदलते, हे दाखवणारा तो अभ्यास. मी तो दर वर्षी वर्गात शिकवते आणि दोन्ही नावं फळ्यावर लिहिते.

दफ्तरातल्या कागदांकडे येते, कारण इथे झोटेरोचा खरा कस लागला. आमच्या संस्थानचे कागद तीन भाषांत आहेत: जुने मोडीतले मराठी, मग गुजराती, आणि रेसिडेन्सीशी, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीशी, झालेला इंग्रजी पत्रव्यवहार. झोटेरोत पुस्तक आणि लेख यांच्याबरोबर पत्र, हस्तलिखित, नकाशा, मुलाखत असे वेगळे नोंदप्रकार आहेत. हस्तलिखिताच्या नोंदीत कोणतं दफ्तर, आणि त्या दफ्तरात कुठे, अशा दोन स्वतंत्र जागा आहेत. आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवून घेतलं की दफ्तराचा क्रमांक, फाइलचा क्रमांक आणि पान याच क्रमानं तिथे लिहायचं, मनाला येईल तसं नाही. हे आधी ठरवणं फार गरजेचं आहे. सॉफ्टवेअर शिस्त लावत नाही, आपण लावलेली शिस्त फक्त सांभाळतं.

मोडीच्या कागदात शोध चालत नाही, हे उघड आहे. मग आमच्या मोडीवाल्या मुलीनं अशी रीत बसवली: प्रत्येक कागदाची एक नोंद, त्या नोंदीखाली एक टिपण, टिपणात ओळीला ओळ असं बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंस आणि प्रश्नचिन्ह. टिपणातला मजकूर शोधता येतो. त्यामुळे आज मी "दिवाबत्ती" असं टाइप केलं की शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या कागदातला दिवाबत्तीचा खर्च आणि न-09 मधल्या बाईंची रस्त्यावरच्या दिव्यांची तक्रार एकाखाली एक येतात. पहिल्यांदा हे झालं त्या संध्याकाळी आम्ही चौघं माझ्या दांडिया बाजारच्या घरी होतो, सेव-उसळ आणलेली तशीच गार झाली.

विषयाच्या खुणा, म्हणजे टॅग, कोणत्या भाषेत घालायच्या यावर मात्र पुष्कळ दिवस वाद झाला. कर, महसूल, वेरो, टॅक्स, सगळं वेगवेगळं पडू लागलं. उत्तर सयाजीराव महाराजांनीच देऊन ठेवलं होतं. त्यांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश तयार करवून घेतला होता, 1931 चा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु. आम्ही त्यातून साठेक शब्द निवडले, प्रत्येकाचं मराठी रूप टॅग म्हणून पक्कं केलं आणि इंग्रजी-गुजराती रूपांची यादी ग्रुपमध्येच एका टिपणात ठेवली. आता नवा टॅग चौघांनी मान्य केल्याशिवाय घालत नाही.

संदर्भ शोधायला मुलं आजही मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात जातात, मी पाठवतेच. 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून इथली वाचनालयांची व्यवस्था बसवली. सेंट्रल लायब्ररीचे लोखंडी मांडणीचे मजले आणि काचेच्या लाद्या बघितल्या नसतील तर मुद्दाम जाऊन बघा, खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून त्या लाद्या काचेच्या केल्यात. नव्या नियतकालिकांसाठी मात्र 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेचा मोठा आधार झाला. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांना त्यातून मिळतात, आणि सगळी व्यवस्था आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राकडे, आहे. पूर्वी परदेशातल्या ओळखीच्या माणसाला लेखासाठी पत्र लिहावं लागे. आता इतके लेख येतात की वाचायचं कोणी हे ठरवावं लागतं. त्यासाठी तीन टॅग पुरतात: "वाचायचं", "वाचलं", "सगळ्यांनी वाचा".

हेच लेख झोटेरोत साठवायला लागलो आणि जागा संपली. फुकट मिळते ती 300 एमबी. स्कॅन केलेली एक फाइल आठ-दहा एमबीची, म्हणजे तीसेक फाइलींत काम आटोपलं. नुसत्या नोंदी आणि टिपणं कितीही ठेवा, त्यांना मर्यादा नाही. मर्यादा जोडलेल्या फाइलींना आहे. 2 जीबीला वर्षाला 20 डॉलर, 6 जीबीला 60, अमर्याद जागेला 120. ग्रुपमधली जागा ज्यानं ग्रुप काढला त्याच्या खात्यातून धरली जाते, म्हणून पैसे एकट्यानं भरले की चौघांचं भागतं. आम्ही 2 जीबी घेतली, वर्षाला सतराशे-अठराशे रुपये पडतात, ते मी भरते. मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे की हे विद्यार्थ्यांकडून घेऊ नका. ज्यांना पैसे घालायचेच नाहीत त्यांनी पीडीएफ फक्त हव्या तेवढ्या ठेवाव्यात आणि स्कॅन करताना रंगीत करू नये, फाइलीचा आकार पुष्कळ कमी होतो.

आता आमच्या चुका सांगते, त्या तुम्ही करू नका.

स्वतःच्या लायब्ररीतली नोंद ओढून ग्रुपमध्ये टाकली की तिची वेगळी प्रत तयार होते. त्यानंतर एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे जात नाही. मला हे माहीत नव्हतं. मी आमच्या लेखाचा पहिला मसुदा लिहिताना सगळे संदर्भ माझ्या खाजगी लायब्ररीतून घातले. मुलांनी फाइल उघडली तर त्यांना ते संदर्भ दुरुस्त करता येईनात, त्यांच्याकडे त्या नोंदीच नव्हत्या. साठ-सत्तर संदर्भ एकेक करून ग्रुपमधून परत घालावे लागले, रावपुऱ्याच्या मुलीचा अख्खा रविवार त्यात गेला. मिळून लिहायचं असेल तर पहिल्या ओळीपासून ग्रुपमधूनच संदर्भ घाला. आणि गूगल डॉक्समध्ये लिहिताना एका वेळी एकानंच संदर्भ घालायचे हा नियम करा, नाहीतर गोंधळ होतो.

दुसरी चूक याहून मोठी. एके दिवशी ग्रुपमधली मोडीच्या नोंदींची संपूर्ण फोल्डर रिकामी दिसली. आमच्यातल्या एकाला वाटलं होतं की ही आपल्या संगणकावरची प्रत आहे, जागा करावी म्हणून त्यानं सगळं निवडून डिलीट केलं. ग्रुपमध्ये एकानं पुसलं की सगळ्यांकडून पुसलं जातं. नोंदी कचऱ्याच्या टोपलीत सुखरूप होत्या, तिथून परत आणल्या, पण तासभर माझे हातपाय गार पडले होते. मुलीनं आठ महिने बसून केलेलं लिप्यंतर होतं ते. नोंद फोल्डरमधून काढणं आणि नोंद टोपलीत टाकणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हातानं करून दाखवा. ग्रुपच्या मांडणीत बदल करायचा अधिकार फक्त काही जणांपुरता ठेवता येतो, पण मी तो सगळ्यांना दिलेलाच ठेवला आहे. भीती म्हणून अधिकार काढून घेतला तर समासातली ती टिपणंही बंद होतील. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला एक जण सगळ्याची प्रत हार्ड डिस्कवर काढतो.

मराठी-गुजराती मजकुराच्या अडचणी आहेत. एकाच नोंदीत शीर्षक मूळ लिपीत आणि रोमनमध्ये असं दोन्ही नीट ठेवायला वेगळी जागा नाही. इंग्रजी लेखासाठी रोमन लागतं, मराठी लेखासाठी देवनागरी, म्हणून आम्ही रोमन रूप "एक्स्ट्रा" या रकान्यात ठेवतो आणि शेवटी हातानं बदलतो. गायकवाड हे आडनाव इंग्रजी कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, झोटेरो त्यांना तीन माणसं समजतो. जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या मराठी पीडीएफ वाचायला ठीक दिसतात, पण त्यांत शोध घेतला तर काही हाती लागत नाही, कारण आतली अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या पद्धतीची, नसतात. हे दोष आपल्या भाषांच्या संगणकातल्या इतिहासाचे आहेत, पण भोगायचे आपल्यालाच.

मुलाखतींबाबत मात्र मी फार काटेकोर आहे. झोटेरोत मुलाखतीचा नोंदप्रकार आहे आणि त्यात मुलाखत देणाऱ्याचं नाव लिहायची जागा आहे. तिथे नाव लिहू नका. आमच्याकडे न-04, न-09 असे क्रमांक आहेत. कोणता क्रमांक कोणाचा, ते एका वहीत हातानं लिहिलेलं आहे आणि ती वही माझ्या कपाटात कुलुपात असते. ध्वनिमुद्रणं, संमतिपत्रं, फोन नंबर यातलं काहीही सामाईक ग्रुपमध्ये जात नाही. नगरसेविका सार्वजनिक व्यक्ती आहेत हे खरं, पण पक्षातल्या माणसाविषयी आपल्याशी विश्वासानं बोलणारी बाई त्या घटकेला सार्वजनिक नसते.

दुसरी अवजारंही आहेत. मेंडेले 2013 पासून एल्सव्हिअर या प्रकाशकाकडे आहे, एंडनोट विकत घ्यावं लागतं. विज्ञान शाखेतले माझे सहकारी ती समाधानानं वापरतात. आम्ही झोटेरो घेतलं कारण दफ्तरातल्या कागदाला त्यात मानाची जागा आहे, आणि विद्यार्थी विद्यापीठातून बाहेर पडला तरी त्याचा संग्रह त्याच्याजवळ राहतो. विद्यापीठानं घेतलेल्या परवान्यावर उभारलेला संग्रह शिक्षण संपल्यावर चालेल का, हा घोर लागत नाही.

ज्या मार्गदर्शकाला आपलं वाचन विद्यार्थ्यांना दिसायला नको असेल त्यानं ग्रुपच्या भानगडीत पडू नये. माझ्या रेघा मुलांना दिसतात, कोणता लेख मी अर्ध्यावर सोडला तेही कळतं. सुरुवातीला मला ते जड गेलं. एकदा रावपुऱ्याच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, या लेखात सातव्या पानानंतर तुमची एकही खूण नाही, पुढचं महत्त्वाचं नाही का?" मी पुढचं वाचलंच नव्हतं. तसं सांगितलं आणि त्या रात्री वाचलं. आठव्या पानावर आमच्या विरुद्ध जाणारा मुद्दा होता.

मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. ग्रुपची मालकी एका सभासदाकडून दुसऱ्याकडे देता येते, सेटिंग्जमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. गेल्या महिन्यात मी ती छोटा उदेपूरच्या विद्यार्थ्याच्या नावावर केली. साठ्याचे पैसे आता त्याच्या खात्यावर भरावे लागतात, ते त्याची फेलोशिप नियमित होईपर्यंत मीच देणार आहे. मालक झाल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते असं: मुलाखतींच्या लिखित प्रतींत जिथे जिथे आम्ही "व्यत्यय" लिहिलं होतं तिथे ध्वनिमुद्रणातली वेळ टाकली, आणि ते सगळे तुकडे परत ऐकून उतरवायचं काम चौघांत वाटून दिलं. माझ्या वाट्याला न-11 आली आहे.